पहिली आषाढी वारी: दिंडीत नाव घालावं की मोकळं चालावं?

पायवाट (प्रश्न)

राम कृष्ण हरी. यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचं ठरवलं आहे. वय ३६, रोज सहा-सात किलोमीटर चालायची सवय, मधुमेह-रक्तदाब नाही. गळ्यात वारकऱ्यांची तुळशीची माळ नाही. आजोळच्या गावची दिंडी पालखीच्या रथामागे असते. मामा म्हणतात, नाव घालतो, भिशी (दिंडीतल्या जेवण-मुक्कामाची वर्गणी) भर आणि ये.

अडचण माझ्या स्वभावाची आहे. मला माणसं आवडतात, पण चोवीस तास नाही. वाटेत एखाद्या बांधावर अर्धा तास गप्प बसावंसं वाटेल, कधी दुसऱ्याच दिंडीचं भजन ऐकत चालावंसं वाटेल. ओळीत उभं राहिलं की हे सगळं संपलं, अशी भीती आहे. उलट एकट्यानं निघायचं तर सामान, अंघोळ, झोप यांचं कसं करायचं ते कळत नाही. म्हणून तीन गोष्टी विचारतो:

१. दिंडीत खरोखर सक्तीचं काय असतं आणि नुसती रीत म्हणून काय असतं?
२. मोकळं चालणाऱ्याचा रोजचा मेळ कसा बसतो?
३. नाव दिंडीत आणि चाल मोकळी, हे चालतं का? की मामांना ऐकून घ्यावं लागेल?

---

टाळमृदंग

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

दिंडी म्हणजे लोंढा नाही, तिची रचना असते. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या समोरासमोर किंवा एकामागे एक ओळी, मध्ये पखवाज, वीणेकरी, आणि मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याची घागर घेतलेल्या बायका. यातली सक्ती टाळकऱ्यांच्या ओळीत असते, बाकी ठिकाणी फारच कमी. ओळीत उभं राहिलात की तीन गोष्टी पाळाव्या लागतात: पाऊल शेजाऱ्याबरोबर पडलं पाहिजे, ध्रुपद (अभंगाचं पालुपद) सगळ्यांनी एकदम उचललं पाहिजे, आणि मधूनच ओळ तोडून बाहेर पडायचं नाही. तिसरी गोष्ट नवख्याला जाचक वाटते, पण तिला कारण आहे. सहा जणांच्या ओळीतून एक जण बाजूला झाला की मागचा त्या फटीत शिरतो, त्याच्या मागचा अडखळतो आणि ठेका पखवाजाशी सुटतो. बाहेर पडायचंच असेल तर अभंग संपेपर्यंत थांबावं, टाळ शेजाऱ्याकडे द्यावेत किंवा गळ्यातच ठेवावेत आणि कडेनं मागे जावं. कुणी हरकत घेत नाही.

अभंग कुठला म्हणायचा हे मात्र तुमच्या हातात नाही, विणेकऱ्याच्याही पूर्ण हातात नाही. क्रम ठरलेला आहे. सकाळी मंगलाचरण आणि रूपाचे अभंग, मग वासुदेव, आंधळे, पांगळे, गौळणी या नावांचे अभंग, पुढे त्या त्या वाराचे अभंग, आणि तळावर पोचायच्या आधी हरिपाठ. शेजारच्या दिंडीत गेलात तरी क्रम तोच, फक्त चाली वेगळ्या. त्यामुळे "दुसऱ्या दिंडीचं भजन ऐकायचंय" ही हौस भागते ती चालींच्या फरकात. विदर्भातली दिंडी आणि सातारकडची दिंडी एकच गौळण म्हणतात, पण ओळखू येत नाही इतकी वेगळी.

माळ नसली तर वीणा गळ्यात मिळणार नाही, आणि पुढच्या ओळीतही बहुतेक ठिकाणी उभं करत नाहीत. मागे चालायला, हरिपाठ म्हणायला, पंगतीत बसायला माळ कुणी बघत नाही. दारू, तंबाखू, मांसाहार मात्र त्या अठरा-वीस दिवसांत बंद, मग माळ असो वा नसो. यात सवलत मागू नये.

आणखी एक. समाज आरती चुकवू नका. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार (सोहळ्याची शिस्त राखणारे) हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात, आरोळी देतात, आणि सगळं एका क्षणात थांबतं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती थांबत नाही. एवढ्या शांततेत तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा करतात, तेव्हा ते टाळ बंद होतात. जागेची तक्रार असते, पाण्याच्या टँकरची असते, कधी चालताना मध्ये घुसलेल्या दिंडीची. लाखांच्या गर्दीत एका लहान दिंडीचं म्हणणं ऐकून घ्यायची इतकी साधी रीत दुसरीकडे क्वचितच दिसेल. त्यानंतर हरवलं-सापडलं आणि उद्या निघायची वेळ सांगतात. मोकळं चालणाऱ्यानं तर त्या वेळेसाठी तरी तिथं असावं.

---

उंडारणारा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ज्यांचं नाव कुठल्याच दिंडीत नाही त्यांना वारीत मोकळा समाज म्हणतात. तो भरपूर असतो, त्यामुळे एकटं पडाल ही भीती काढून टाका. एकटेपणा मिळवायलाच कष्ट पडतात.

आधी अंतरं बघा, सगळी सुमारे: आळंदी–पुणे २९ किलोमीटर, पुणे–सासवड ३२, सासवड–जेजुरी १६, जेजुरी–वाल्हे १२, वाल्हे–लोणंद २०, लोणंद–तरडगाव ८, तरडगाव–फलटण २१, फलटण–बरड १८, बरड–नातेपुते २१, नातेपुते–माळशिरस १८, माळशिरस–वेळापूर १९, वेळापूर–भंडीशेगाव २१, भंडीशेगाव–वाखरी १०, आणि वाखरीहून पंढरपूर ५. तिथीची क्षय-वृद्धी असेल तसा मुक्काम वाढतो किंवा कमी होतो, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीखवार यादी खिशात घालून निघू नका.

सगळ्यात अवघड दिवस पुणे–सासवड. अंतर सगळ्यांत जास्त, त्यात दिवे घाट, आणि बहुधा त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे उपास. आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम असतो, तर विश्रांती घ्यायची सोडून लोक शहर पायी फिरत बसतात आणि दुसऱ्या दिवशी हडपसरच्या पुढे बसकण मारतात. तो दिवस झोपून काढा.

सामान पाठीवर पाच किलोच्या वर नको. कपडे अंगावरचे धरून तीन जोड, पातळ पंचा (टॉवेल वाळत नाही), एक प्लॅस्टिकचा कागद दोन मीटर बाय दीड, चादर, बॅटरी, औषधं. प्लॅस्टिकचा कागद सगळ्यात कामाचा: दिवसा पावसात डोक्यावर, रात्री अंगाखाली. छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते.

झोपायला शाळा, देवळाचे मंडप, दुकानांच्या ओट्या. पालखी तळाच्या अगदी लगत जागा मिळत नाही, कारण तिथं दिंड्यांना नेमून दिलेल्या जागा असतात. तळाच्या एक-दीड किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे थांबलात तर ओटाही मिळतो आणि पहाटे नळही. रांग तळाजवळ असते. जेवणाची चिंता करू नका. वाटभर अन्नदान चालू असतं. चिंता उलटी करा: दिसेल तिथं खाल्लं की तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं. दिवसातून दोनदाच जेवा, गरम असेल तेच, आणि उघड्यावरचं सरबत टाळा. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं-अर्धं करून नाही.

पायांबद्दल. फोड येतात ते अंतरामुळे कमी आणि ओल्या मोज्यामुळे जास्त. दुपारपर्यंत पाय सुजतो, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा, आणि किमान दीडशे किलोमीटर वापरलेला. नवा बूट आळंदीत घालणारे जेजुरीला तो हातात घेऊन चालताना दिसतात. कातडीला चटका जाणवला की तिथंच थांबून चिकटपट्टी लावायची. "पुढच्या विसाव्याला बघू" म्हटलं की फोड आलाच. आलेल्या फोडाची कातडी सोलू नका. मांड्या आणि काखा घासून सोलवटतात, त्याला पहाटे निघताना व्हॅसलीन. मधुमेह असणाऱ्यानं अनवाणी चालण्याचा नवस करू नये, हे इथं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

---

भिशीवाला

तिसऱ्या प्रश्नावर येतो, कारण दिंडीतली खरी भांडणं भजनावरून होत नाहीत, पानांच्या हिशेबावरून होतात.

नाव दिंडीत आणि चाल मोकळी, असं करणारे प्रत्येक दिंडीत असतात. कुणी त्यांना वाईट म्हणत नाही. वाईट म्हणतात ते न सांगता गायब होणाऱ्याला. का ते आकड्यात सांगतो. २०० पानांच्या दिंडीत एका वेळेला वीस-बावीस किलो तांदूळ आणि सहा-सात किलो डाळ शिजते. पंचवीस जण वाटेत कुठं तरी अन्नदानाला जेवून आले तर अडीच किलो तांदळाचा भात उरतो. पावसाळी हवेत तो संध्याकाळपर्यंत आंबतो. टाकणाऱ्याच्या जिवावर येतं, कारण तो तांदूळ गावातून पायली-पायली गोळा केलेला असतो. दुसऱ्या दिवशी आचारी अंदाज कमी धरतो, त्या दिवशी नेमके सगळे येतात, आणि शेवटच्या पंगतीला भात पुरत नाही. शेवटच्या पंगतीत कोण असतं? वाढपी आणि भांडी घासणारे. मग तोंडं वाजतात.

म्हणून नियम एकच. आज दुपारी नाही किंवा रात्री नाही, हे आदल्या रात्री आचाऱ्याला किंवा भिशी सांभाळणाऱ्याला सांगायचं. मामांकरवी नाही, स्वतः.

भिशीची रक्कम दिंडीगणिक वेगळी असते, काही हजारांत. त्यात जेवण, तंबूतली जागा, ट्रकमधून सामान आणि टँकरचं पाणी धरलेलं असतं. भरताना दोन गोष्टी विचारा. पंढरपुरातले दिवस धरले आहेत का, आणि अर्ध्यातून परत गेलं तर काही परत मिळतं का. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक "नाही" असंच येईल, आणि ते रास्त आहे. किराणा आधीच भरलेला असतो.

ट्रकचं वेळापत्रक हीच दिंडीतली खरी सक्ती. पालखी निघाली की रस्ता गाड्यांना बंद होतो. म्हणून सामानाचा ट्रक पहाटे लवकर सुटतो आणि थेट पुढच्या मुक्कामाला जातो, स्वयंपाकाचा ट्रक दुपारच्या विसाव्याला. साडेतीन-चारला उठवतात ते काकड्यासाठी जेवढं, तेवढंच तंबू उतरवण्यासाठी. तुम्ही झोपून राहिलात तर तुमच्यासकट अख्खा तंबू अडतो, कारण तुम्ही ज्यावर झोपलात ती ताडपत्री गुंडाळायची असते. वळकटीवर नाव आणि दिंडी क्रमांक जाड पेननं लिहा. सगळ्यांच्या वळकट्या निळ्याच असतात.

पायवाट, तुम्ही टाळ धरणार नसाल, ओळीत चालणार नसाल, तर एक काम अंगावर घ्या. रोज. मुक्कामाला पोचल्यावर मेखा ठोकणं, किंवा पाऊस दिसला की तंबूभोवती चर खणणं. चर वीतभर खोल आणि उताराच्या बाजूला तोंड फोडलेला हवा. नुसता गोल खणला तर पाणी त्यातच साचतं आणि मध्यरात्री आत येतं. दरवर्षी कुठल्या तरी तंबूत हे होतंच. वाढायला उभं राहणं हे आणखी सोपं. हे केलंत की दिवसभर कुठं होतात असं विचारायचं कुणाच्या मनातही येणार नाही.

---

तुळसवृंदावन

हा प्रश्न बाईनं विचारला असता तर उत्तर थोडं बदललं असतं, म्हणून भर घालते. खाली वाचणाऱ्या ताई असतील.

मोकळं चालणं बायकांना दिवसा अगदी निर्धास्त आहे, रस्ता रिकामा कधीच नसतो. अडतं ते पहाटे आणि रात्री. दिंडीत बायकांचे तंबू वेगळे असतात आणि अंघोळीला टँकरजवळ आडोसा केलेला असतो. मोकळ्या समाजात उघड्यावर किंवा ओळखीच्या घरी. म्हणून दोघी-तिघी असाल तरी मुक्कामापुरतं दिंडीत नाव असावं. फिरत्या शौचालयांची सोय आता तळांवर असते. पहाटे चारनंतर रांग वाढते, तीनला उठणारीला ती लागत नाही.

पाळीबद्दल आधीच विचारून घ्यावं. काही दिंड्यांत कुणी काही बोलत नाही, काहींत वीणेजवळ किंवा स्वयंपाकात येऊ नका म्हणतात. पटो न पटो, तिथं गेल्यावर कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं. न पटलं तर दुसरी दिंडी शोधायला वेळ राहतो. दिंड्या शेकड्यांनी आहेत.

डोक्यावर तुळस घ्यायची हौस असेल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ घेऊ नका. खाली कापडाची चुंबळ घट्ट हवी, आणि दर विसाव्याला दुसरीकडे द्यायची. मान धरली की ती पंढरपूरपर्यंत सुटत नाही.

---

वाखरीकर

सगळं वाचलं. बूट, व्हॅसलीन, चर. वारी म्हणजे ट्रेक नव्हे. "माझी मोकळीक, माझा वेळ" हे बाजूला ठेवायलाच तर दिंडीत जायचं असतं. ज्याला बांधावर एकटं बसायचंय त्यानं श्रावणात जावं, रस्ता मोकळा असतो.

---

उंडारणारा

वाखरीकर, मोकळा समाज आजचा नाही. आणि बांधावर बसलेला माणूस काय करत असतो हे लांबून कसं कळणार? नामच घेत असेल. ट्रेकबद्दल म्हणाल तर पाय फुटलेला माणूस नाम घेत नाही, फोडच मोजतो.

---

टाळमृदंग

वाखरीकरांचं अर्धं मला पटतं. निदान एक दिवस तरी पूर्ण ओळीत चालून बघावं, सकाळच्या मंगलाचरणापासून हरिपाठापर्यंत. सोपा दिवस निवडा. लोणंद–तरडगाव आठच किलोमीटर आहे, आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण. ओळीत असलात तर रिंगण आतून दिसतं: दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना सरकतात, मधून आधी स्वाराचा अश्व जातो, मग माउलींचा, ज्यावर कुणी बसत नाही. मोकळे राहिलात तर गर्दीच्या पाठी दिसतात, घोडा नाही. गोल रिंगण बाहेरून बघायचं तर पुरंदवडे किंवा खुडूस फाटा. तिथं मैदान मोठं आहे, पण निदान दोन तास आधी पोचावं लागतं.

गळ्यात टाळ घेणार असाल तर दोरीखाली उपरणं घ्या. घामानं ओली झालेली दोरी मानेला कापते.

---

पायवाट

सगळ्यांचे आभार. नाव दिंडीत घालतो, चाल बरीचशी मोकळी ठेवतो, चर खणायचं काम माझं. तरडगावच्या दिवशी ओळीत. वाखरीकरांचा रागही समजला.

दोन शंका राहिल्या. मोकळा चाललो आणि चुकलो तर संध्याकाळी आपली दिंडी सापडते कशी? फोन लागत नाहीत म्हणतात. आणि मामांना हे नेमकं कुठल्या शब्दांत सांगू?

---

भिशीवाला

फोन तळाजवळ लागत नाहीत हे खरं, त्यावर विसंबू नका. नुसता दिंडी क्रमांकही पुरत नाही. रथापुढे २७ दिंड्या आहेत आणि रथामागे शेकड्यांनी, दोन्हीकडे क्रमांक एकपासून वेगळे. बारा नंबरची दिंडी रथापुढेही आहे आणि मागेही. तुम्ही "बारा नंबर कुठंय" विचारत फिराल आणि लोक प्रेमानं चुकीच्या टोकाला पाठवतील. "रथामागे बारा" असंच विचारायचं. एका कागदावर हे, दिंडीच्या गावाचं नाव, ट्रकचा नंबर आणि मामांचा नंबर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टच्या खिशात ठेवा. फोन भिजतो.

सकाळी ट्रकवाल्याला आजची जागा विचारून घ्या. "तळावर" हे उत्तर घेऊ नका. कुठल्या रस्त्याला, कुठल्या शाळेच्या किंवा मळ्याच्या बाजूला, ते घ्या. तरीही चुकलात तर समाज आरती गाठा. तिथं तुमच्या दिंडीची माणसं उभी असतातच, त्यांच्या मागून तंबूपर्यंत जायचं.

मामांना सोपं सांगा: "मामा, भिशी पूर्ण भरतो. चालायला मागेपुढे होईन. दुपारच्या पानाचं आदल्या रात्री सांगेन, संध्याकाळी मेखा ठोकायला हजर असेन." मग विणेकऱ्यांना आणि दिंडीप्रमुखांना आळंदीतच भेटून पाया पडा आणि हेच सांगा. प्रस्थानाच्या गडबडीत नको, आदल्या दिवशी. त्यांच्या कानावर दुसऱ्याकडून गेलं तर मामांना ऐकून घ्यावं लागेल.

आणि पंढरपुरात दिंडी कुठल्या मठात उतरते, द्वादशीला पारणं करून फुटते की गोपाळपूरच्या काल्यापर्यंत, म्हणजे पौर्णिमेपर्यंत थांबते, हे आताच विचारून परतीचं तिकीट काढा. एकादशीच्या संध्याकाळची गाडी पकडायची असेल तर द्वादशीच्या पारण्याच्या पानांतून तुमचं नाव वजा करायला सांगा. पुरणपोळी असते, अंदाज काटेकोर धरतात.